यंत्र पोचलं, नाव कुठे राहिलं?

तुरीचे शेंडे खुडायचं यंत्र कोणत्याही बड्या कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही. फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी, एक लहान मोटर, तिच्या टोकाला गोल पातं आणि हात पुरावा म्हणून लांब पाइप, एवढ्यावर ते उभं राहतं. गावातला वेल्डिंगवाला जोडून देतो.

तुरीचं गणित बुलढाण्यातल्या माणसाला समजावायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. सोयाबीनच्या ओळींत तूर असते. पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांत तिचा शेंडा मारला की झाड नुसतं वर वाढायचं थांबतं, बाजूने फांद्या फुटतात आणि जितक्या फांद्या तितक्या शेंगा. कृषी विद्यापीठही हेच सांगतं. पण खुडायचं कुणी? त्याच दिवसांत निंदण असतं, फवारणी असते आणि मजूर कुठेच मिळत नाही. यावर शेतकऱ्यांनीच तोड काढली. मोबाइलवर तिचं चित्रण केलं आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं. ते पाहून कुणी पातं बदललं, कुणी हात कापू नये म्हणून पत्र्याचं कडं लावलं, कुणी वजन कमी केलं. आज ते यंत्र तयारही विकत मिळतं. विकणाऱ्याला पैसे मिळतात. ज्यांनी रात्री जागून पातं बसवलं, त्यांना काय मिळालं?

ग्रुपमधली माणसं फुकटात डोकं का चालवतात, हा प्रश्न जगभरच्या व्यवस्थापन शाळांनी फार अभ्यासला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे एरिक फॉन हिपेल चार दशकं एकच गोष्ट पुराव्यानिशी मांडत आले आहेत: पुष्कळशा नव्या वस्तू कारखानदाराला सुचत नाहीत, वापरणाऱ्याला सुचतात. करीम लखानी आणि रॉबर्ट वुल्फ यांनी मुक्त संगणक प्रणाली लिहिणाऱ्या ६८४ जणांना विचारलं की हे काम का करता. सगळ्यात जोरकस कारण निघालं ते कामातला आनंद, आपण काही नवं घडवतो आहोत ही भावना. स्वतःची गरज आणि शिकण्याची इच्छा त्याच्या मागोमाग आली.

आपल्याकडच्या योजना आखणाऱ्यांनी यातलं काहीच मनावर घेतलेलं दिसत नाही. त्यांना एकच उपाय माहीत आहे: स्पर्धा. फलक, पाहुणे, धनादेशाची मोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती, फोटो. अर्ज ऑनलाइन, बरेचदा इंग्रजीत, सोबत प्रकल्पाची सादरीकरणं. शेतात यंत्र चालवून दाखवणाऱ्या माणसाला आधी स्लाइड करायला लावतात. मग तो येत नाही, आणि ग्रामीण भागात नवकल्पना नाहीत असा अहवाल तयार होतो.

नवकल्पना आहेत. त्या तुमच्या अर्जात बसत नाहीत, एवढंच.

बुलढाणा जिल्ह्यातला शेतकरी ग्रुपमध्ये का शिरतो, याचं पहिलं कारण साधं आहे. त्याची अडचण फार स्थानिक असते आणि उत्तर फार सरसकट मिळतं. हा जिल्हा एक नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्याचे दोन तुकडे केले आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. पूर्णेच्या खोऱ्यात तर खारपाणपट्टा. विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं, पिकाला घालता येत नाही. इथल्या माणसाने बारामतीचा किंवा नाशिकचा ठिबकवरचा उत्तम कार्यक्रम पाहून काय करायचं? त्याला शेजारच्या शिवारातला, त्याच काळ्या चिकण मातीतला, त्याच खाऱ्या पाण्याचा माणूस हवा असतो. सरकारने तेरा तालुक्यांना एकच पत्रक पाठवलं. लोकांनी आपली माती पाहून ग्रुप केले.

आणि उत्तर वेळेत लागतं. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला. २०१८ ला अमेरिकेतली लष्करी अळी कर्नाटकातून भारतात दिसली आणि पाहता पाहता महाराष्ट्रातल्या मक्यावर आली. मक्याच्या पोंग्यात भुसा दिसतो, पानाला खिडक्या पडतात, आत अळी. ही नेहमीची अळी की ती नवी, हे ओळखायचं कसं? डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. ही खूण फोटोसह हजारो फोनांवर फिरली. ‘होय आम्ही शेतकरी’सारख्या समूहांनी अशी माहिती शेतकऱ्यांच्या भाषेत पोचवली. ‘भाऊ, मक्यात हे काय हाये? काय मारू?’ असा प्रश्न सकाळी सहाला पडतो आणि साडेसहाला उत्तर येतं. कृषी सहायक एकटा, त्याच्याकडे गावं अनेक. तो वाईट नाही, तो पुरत नाही.

व्हॉट्सॲपने ग्रुपची मर्यादा २०१६ मध्ये शंभरावरून २५६ वर नेली आणि २०२२ मध्ये आधी ५१२, मग १०२४ वर. प्रत्येक वेळी गावाकडचे ग्रुप भरून वाहिले. गरज होती म्हणून भरले. कोणी बक्षीस लावलं नव्हतं.

दुसरं कारण नाव. यावर मी जरा थांबणार आहे, कारण सगळा अन्याय इथेच होतो.

गावातल्या माणसाला नाव हवं असतं, हे म्हणताना काही शहरी मंडळी जरा हसतात. हसू नये. विद्यापीठातला संशोधक शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं यावरून वर्षानुवर्षं अबोला धरतो. शेतकऱ्याने तेवढीच अपेक्षा केली तर ती हौस कशी होते? शाओमी या चिनी फोन कंपनीला नावाची किंमत पहिल्या दिवशी कळली होती. २०१० मध्ये तिने आपली प्रणाली तपासायला पहिले शंभर वापरकर्ते गोळा केले. पगार दिला नाही. फोन सुरू होताना पडद्यावर त्या शंभर जणांची नावं झळकवली. पुढे लाखो लोक तिच्या समूहात सूचना करायला आले. आज आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी खिशांत त्याच कंपनीचे फोन आहेत.

आता आपल्याकडचं पाहा. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले गोपाळ मल्हारी भिसे. बैलजोडी परवडत नव्हती. जुन्या सायकलचं पुढचं चाक, दांडा आणि हँडल घेऊन त्यांनी त्याला कोळपं जोडलं. एकट्या माणसाला ढकलता येईल असा सायकल डवरा तयार झाला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची नोंद घेतली आणि नाव लावून घेतली, म्हणून आज मी ते नाव लिहू शकतो. आपल्या शिवारांतून दिसणाऱ्या सायकल डवऱ्यांच्या किती मालकांना ते नाव माहीत आहे? यंत्र घाट चढून आलं, नाव खालीच राहिलं.

हे प्रतिष्ठान २००० साली अहमदाबादेत उभं राहिलं. त्याच्या मागे प्राध्यापक अनिल गुप्ता यांचं ‘हनी बी नेटवर्क’ होतं. त्यांचा नियम मला फार मोलाचा वाटतो: ज्याच्याकडून ज्ञान घेतलं त्याचं नाव पुसायचं नाही, त्यात जी भर पडेल ती त्याच्याच भाषेत त्याच्याकडे परत न्यायची, आणि त्यातून कमाई झाली तर त्याचा वाटा काढायचा. तीन अटी. एकही अवघड नाही. तरी त्या पाळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटतात.

त्या न पाळल्या तर काय होतं? दादाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. जमीन दीड एकर. १९८३ च्या सुमाराला धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसरा कुणी असता तर कापून ढिगात टाकल्या असत्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पेरल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या. बारीक, चवीला सरस, उत्पन्नाला चांगला तांदूळ निघाला. त्या काळी सगळ्यांना हवंहवंसं वाटणाऱ्या घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी म्हणू लागले. बियाणं त्यांनी मागेल त्याला दिलं. तो तांदूळ राज्याच्या सीमा ओलांडून गेला. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्या बियाण्यावर काम करून पीकेव्ही-एचएमटी हा वाण आणला. वाणाच्या नावात विद्यापीठ आहे, घड्याळ आहे. खोब्रागडे नाही. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पण जून २०१८ मध्ये ते गेले तेव्हा घरची परिस्थिती हलाखीचीच होती, आणि उपचारासाठी पैशाची जमवाजमव करावी लागली होती.

ज्या माणसाच्या लोंबीवर लाखो एकर पिकले, त्याच्या आजारपणात वर्गणी काढावी लागते. हे वाचून ज्याला राग येत नाही, त्याने ग्रामीण नवकल्पनांवर भाषण करू नये.

आणि तरीही दादाजी बियाणं वाटत राहिले. आयुष्याच्या शेवटापर्यंत त्यांनी आणखी वाण निवडले. पैशाच्या प्रोत्साहनावर पोसलेला कोणताही सिद्धांत याचं उत्तर देऊ शकत नाही. लोंबी वेगळी दिसली की ती वेगळी ठेवल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. तो त्यांचा स्वभाव होता, आणि त्याच स्वभावाची माणसं आज ग्रुपवर रात्री अकराला पात्याचा फोटो टाकतात. समाजाने त्यांच्या या चांगुलपणाला फुकटचा कच्चा माल समजायचं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती कुणी सांगत नाही. पेटंट मिळायला शोध नवा लागतो. यूट्यूबवर सगळ्यांसमोर यंत्र उघडून दाखवलं की साधारणपणे ते नवं राहत नाही. मग तुम्हालाही पेटंट नाही आणि, तारीखवार पुरावा असेल तर, तुमची कल्पना उचलणाऱ्या कारखानदारालाही नाही. दोन्ही गोष्टींना अर्थ आहे. खुलं द्यायचं असेल तर नाव, गाव, तारीख चित्रणातच बोला, खाली लिहू नका. खाली लिहिलेलं पुढे पाठवताना गळून जातं, आवाज गळत नाही. राखून ठेवायचं असेल तर आधी राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानकडे जा, ते पेटंटसाठी मदत करतात. ठरवायचं तुम्ही. पण ठरवून करा. आणि पिकाच्या वाणाचं असेल तर २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण आपल्या नावावर नोंदवता येतो.

तिसरं कारण संगत. याबद्दल थोडक्यात. शेती हे फार एकट्याचं काम झालं आहे. मोटर सुरू करायला रात्री वीज येईल तेव्हा जायचं, रोह्यांचा कळप उभं पीक तुडवतो म्हणून जागलीला बसायचं, सोबतीला फोन. झटका मशीनला किती तारा लावाव्या, भोंग्यावर कोणता आवाज लावला तर रानडुक्कर चार दिवसांत सरावत नाही, ही चर्चा त्याच जागलीतून होते. ज्याला दिवसभर कुणी काही विचारत नाही, त्याला ग्रुपवर ‘भाऊ, तुम्ही कसं केलं?’ असं कुणी विचारलं तर तो तळमळीने सांगतो. विचारलं जाणं ही फार मोठी कमाई आहे.

मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने हे एकत्र येणं मातीत करून दाखवलं. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१८ मध्ये या गावाला राज्यातला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार विभागून मिळाला. पंचेचाळीस दिवस भर उन्हात श्रमदान. ती स्पर्धाच होती, हे मला मान्य आहे. बक्षीसही होतं. पण ते एकट्याच्या खिशात जाणारं नव्हतं, आणि हरलेल्या गावाच्या शिवारातही पाणी मुरलंच. स्पर्धा घ्यायचीच असेल तर अशी घ्या. त्याच संस्थेने २०२२ पासून फार्मर कप सुरू केला. त्यात शेतकऱ्यांचे गट उतरतात, फोनच्या पडद्यावर डिजिटल शेतीशाळा भरते, विद्यापीठातले तज्ज्ञ प्रश्नांना उत्तरं देतात. तज्ज्ञाला शेतकरी थेट अडवून विचारतो, हे चित्र मला कोणत्याही कृषी प्रदर्शनापेक्षा आशादायक वाटतं.

आता ग्रुप मरतात कसे ते बघू.

पहिल्या वर्षी प्रश्न असतात, फोटो असतात. दुसऱ्या वर्षी औषधविक्रेता शिरतो. प्रश्न कोणताही असो, उत्तर त्याच्या दुकानातली बाटली. तिसऱ्या वर्षी निवडणूक येते. ॲडमिनच एखाद्या पक्षाचा कार्यकर्ता निघतो. जाणकार मंडळी गप्प होतात, मग बाहेर पडतात. आवाज करत नाहीत, भांडत नाहीत. उरतात ती सकाळची सुविचारांची चित्रं. ज्या ॲडमिननी विक्रेत्याला दारातच थांबवलं आणि जाहिरात टाकली की त्याच दिवशी काढलं, त्यांचे ग्रुप वर्षानुवर्षं चालले आहेत. हे फार कष्टाचं, बिनपगारी, शिव्या खायचं काम आहे. जिल्ह्याच्या कृषी पुरस्कारांत एक पुरस्कार अशा ॲडमिनला का नसावा?

आणि चुकीच्या सल्ल्याला जबाबदार कोण, हेही विचारायला हवं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्या मृत्यूंची कारणं अनेक होती. पण एका टाकीत तीन-तीन औषधं मिसळायची सवय त्यानंतरही गेलेली नाही, आणि अशी मिश्रणं आजही ग्रुपवर छाती ठोकून सांगितली जातात. पातं चुकलं तर बदलता येतं. विषाचं प्रमाण चुकलं तर माणूस परत येत नाही. यंत्रांचा ग्रुप सगळ्यांना मोकळा असू द्या. औषधाच्या मात्रेवर मात्र कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसाची मोहर हवीच. जळगाव जामोदला आणि बुलढाण्याला अशी केंद्रं आहेत. त्यांच्या तज्ज्ञांनी ग्रुपमध्ये असणं हा त्यांच्या नोकरीचा भाग मानला जावा, सुट्टीतली समाजसेवा नाही.

कंपन्यांचं काय? लेगो या खेळण्याच्या कंपनीने एक पद्धत ठेवली आहे. कुणीही नवं खेळणं सुचवायचं, दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळवायचा, कंपनीने ते निवडून बाजारात आणलं तर निव्वळ विक्रीचा एक टक्का सुचवणाऱ्याला. एक टक्का थोडा आहे की पुष्कळ, यावर वाद घाला. पण आकडा आधी सांगितलेला आहे आणि लेखी आहे. आपल्याकडे पिकाच्या पानाचा फोटो काढला की रोग सांगणारी ॲप आहेत. प्लँटिक्स हे जर्मनीत जन्मलेलं ॲप मराठीतही चालतं. उपयोगी आहे, मीही ते वापरा असंच सांगतो. पण हे ॲप हुशार झालं ते शेतकऱ्यांनी पाठवलेल्या फोटोंवर. तुमच्या शेतातलं करपलेलं पान ही त्याची शाळा आहे. दूध घातलं तर डेअरी फॅट मोजून पैसे देते. फोटो घातला तर काय मिळतं, हे शेतकऱ्याने विचारायला सुरुवात करावी. रोगाचं नाव मिळतं, हे खरं. पुरेसं आहे का, हे ज्याचं पान आहे त्याने ठरवायचं.

एवढं सगळं लिहून झाल्यावर सगळ्यात बोचणारी गोष्ट उरते.

या ग्रुपांतून कोणत्या कामाची यंत्रं पसरली, त्यांची यादी करून बघा. डवरणीला सायकल डवरा. पेरणीला टोकण यंत्र. फवारणीला बॅटरीचा पंप, आता ड्रोन. खुडणीला पातं. जागलीला झटका मशीन. यातली बहुतेक कामं पुरुषांची. आता बायकांच्या वाट्याची कामं घ्या. निंदण आणि कापूस वेचणी.

निंदणाला काय आलं? तणनाशक. म्हणजे बाईचं काम हलकं झालं नाही, तिची मजुरी गेली. जून २०१९ मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणाऱ्या, पण सरकारने मंजुरी न दिलेल्या कापसाची जाहीर पेरणी केली. निंदणाचा खर्च परवडत नाही, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. शेतकऱ्याच्या वहीत तो खर्च आहे, बाईच्या घरात तो पगार आहे. वादात शेतकरी बोलला, सरकार बोललं, कंपन्या बोलल्या. निंदणारी बोलली नाही. तिला कुणी ग्रुपमध्ये घेतलेलंच नव्हतं.

वेचणीला तर काहीच आलं नाही म्हटलं तरी चालेल. हातात धरायची बॅटरीवरची यंत्रं बाजारात येतात. ती चालवून पाहिलेल्यांची तक्रार एकच, कापसाबरोबर काडीकचरा येतो आणि हाताचा वेग त्याहून बरा. म्हणून आजही कंबरेला ओटी बांधून, वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून घेत, किलोवर मजुरी मोजत बाया कापूस वेचतात. बोटांना न बोचणारा पण बोंडातून कापूस सुटा काढू देणारा हातमोजा का नाही? कंबरेवर सगळा भार न घेता खांद्यावर वाटून देणारी पिशवी गावागावांत का पोचली नाही? हे चांद्रयान नाही. गावातल्या शिलाईवालीने चार नमुने शिवले असते, पाच दिवस वापरून पाहिले असते आणि सहाव्या दिवशी त्यात सुधारणा झाली असती. खुडणीच्या पात्याचं नेमकं असंच झालं.

झालं नाही, कारण फोन घरातल्या पुरुषाकडे आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी सांगितलं की स्वतःला वापरता येईल असा मोबाइल त्यांच्याकडे आहे. उरलेल्यांचं दुखणं ग्रुपवर येणार कुठून? फोन असला तरी दोनशे पुरुषांच्या ग्रुपवर कंबर दुखते असं कोण लिहील? मजूर मिळत नाही, मजुरी परवडत नाही, हे रोज लिहिलं जातं. मजुराचं म्हणणं तिथे येत नाही.

बचत गट गावोगाव आहेत. त्यांच्या बैठका होतात, हिशेब होतात, पापड-लोणच्याचं पाकीट कसं असावं यावर प्रशिक्षणही होतं. त्याच बैठकीत एक प्रश्न घाला: वेचताना सगळ्यात जास्त कुठे दुखतं? उत्तरं आवाजात घ्या, लिहायला लावू नका. ती अकोल्याच्या विद्यापीठाकडे, जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांकडे, वेल्डिंगवाल्याकडे आणि शिलाईवालीकडे पोचवा. नमुना तयार झाला की पहिल्यांदा तो वेचणाऱ्या बाईच्या हातात द्या, मंत्र्याच्या नाही. तिने नको म्हटलं तर तो बाद. तिने बदल सुचवला तर वस्तूवर तिचं नाव.

आणि ही चाचणी ऐन हंगामात, दिवाळीच्या आसपास घ्यावी लागेल, कारण कापूस तेव्हाच फुटतो. मजुरी किलोवर असते, म्हणून नवा हातमोजा घालून वेग कमी झाला तर तिचा तोटा होतो. तो तोटा चाचणी घेणाऱ्याने भरायचा: आदल्या दिवशी तिने जितके किलो वेचले होते तितक्यांची मजुरी, संध्याकाळी, काट्याजवळच, रोख, तिच्या हातात.